प्रकाशाची यंत्रे आणि ती घडविणारी माणसे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण आजवर संतवाङ्मयावर ऐकले, नाट्यसंगीतावर ऐकले, शिवकालावर तर अनेकवार ऐकले. आज काच, धातू आणि प्रकाश यांचा विषय आपल्यापुढे मांडण्याचे धाडस मी करीत आहे. चिटणीसांनी निमंत्रण देताना मला एकच अट घातली होती : ‘तुमच्या कामाविषयी बोला, पण मराठीत बोला.’ ही अट मला फार मोलाची वाटली. रायपूर, भिलाई, कोरबा या पट्ट्यातील आपल्या मराठी घरांत अभियंत्यांची वाण नाही. कोणी पोलाद कारखान्यात आयुष्य काढले, कोणी वीज मंडळात, कोणी रेल्वेत. परंतु त्या कामाविषयीचे मराठी बोलणे मात्र कारखान्याच्या फाटकापाशीच थांबते. घरी आल्यावर आपण नाटकाविषयी बोलतो, राजकारणाविषयी बोलतो; दिवसभर ज्या यंत्रापाशी उभे होतो त्याविषयी बोलत नाही. त्यामुळे घरातल्या मुलाला वडिलांचे पद ठाऊक असते, वडिलांचे काम ठाऊक नसते.

माझा विषय आहे तो प्रकाशाच्या बळावर चालणारी प्रगत यंत्रे निर्माण करणाऱ्या अभियंत्यांच्या गटांचा आणि त्या गटांचे नेतृत्व करणाऱ्यांचा. या शास्त्राला फोटॉनिक्स असे नाव रूढ आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये इलेक्ट्रॉनला कामाला लावतात, तसे येथे प्रकाशाच्या कणाला, म्हणजे फोटॉनला, कामाला लावतात. नाव अपरिचित वाटले तरी वस्तू परिचित आहे. मोतीबिंदूनंतर डोळ्यातील पडदा स्वच्छ करणारा लेसर, दुकानात किंमत वाचणारा लाल किरण, परदेशातील नातवाचा चेहरा आपल्या पडद्यावर आणून सोडणारी काचेची तार, ही सारी याच कुळातली.

या कुळाचा एक धागा थेट महाराष्ट्राच्या मातीत निघतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकातून प्रकट केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, बेल प्रयोगशाळेतील एका तरुणाने कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर बनविला. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या सुमारे वीसपट. पण त्याची शक्ती अशी की पोलादी पत्रा कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत त्याने आपले राज्य स्थापिले. या तरुणाचे नाव चंद्रकुमार नारणभाई पटेल. कुटुंब गुजराती, परंतु जन्म १९३८ मध्ये बारामतीचा आणि अभियांत्रिकीची पदवी १९५८ ची, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. पुढे बेल प्रयोगशाळेतच त्यांनी संशोधनाच्या मोठ्या विभागाची धुरा सांभाळली. आपल्याकडे बारामती म्हटले की ऊस आणि राजकारण एवढेच आठवते; त्यात हा किरणही मिळवायला हरकत नाही.

पटेलांच्या काळी एका बुद्धिमान माणसाने एक-दोन साहाय्यक घेऊन प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात नवा लेसर उभा करावा, हे शक्य होते. आज ते शक्य नाही, आणि का शक्य नाही हे एका साध्या आकड्यावरून कळेल. ॲल्युमिनियमची एक मीटर लांबीची पट्टी घ्या. तिचे तापमान केवळ एक अंश सेल्सियसने वाढले तर ती सुमारे २३ मायक्रॉन लांब होते. डोळ्याला हे दिसणार नाही. केसाच्या जाडीच्याही हे आत आहे. पण हिरव्या प्रकाशाची एक लहर असते अर्ध्या मायक्रॉनची. म्हणजे प्रकाशाच्या मापाने मोजले तर पट्टी शेहेचाळीस लहरींनी सरकली! आणि चांगल्या प्रकाशयंत्रात लहरीच्या दहाव्या भागाचाही हिशेब द्यावा लागतो. रायपूरच्या वैशाखात सकाळ आणि दुपार यांत किती अंशांचे अंतर पडते, हे आपणांस मी सांगायला नको.

मग काय होते? प्रकाशिकीचा अभियंता म्हणतो, मला थंडावा पाहिजे. शीतकरणाचा अभियंता पाण्याचा पंप बसवितो. पंप थरथरतो, ती थरथर आरशाला पोचते. यांत्रिकीचा अभियंता आरशाखाली जड शिला ठेवतो. मग यंत्र इतके वजनदार होते की कारखान्याच्या फरशीवर ठेवता येत नाही. वीजपुरवठ्याचा अभियंता हजारो व्होल्टचे स्पंद सोडतो आणि शेजारच्या संवेदकाला त्या गोंगाटात काहीच ऐकू येईनासे होते. प्रत्येकाने आपले काम उत्तम केलेले असते आणि तरीही यंत्र चालत नाही. किंबहुना एकाचे उत्तम काम हीच दुसऱ्याची अडचण होऊन बसते. पुल बांधणाऱ्यांच्या गटात असे होत नाही असे मी म्हणत नाही. परंतु प्रकाशाची मापे इतकी सूक्ष्म आहेत की येथे शेजाऱ्याची लहानशी हालचालही लपून राहत नाही.

अशा गटाच्या नेत्याचे पहिले काम म्हणजे त्रुटींचे अंदाजपत्रक मांडणे. आपण घरखर्चाचे अंदाजपत्रक करतो, तसेच हे; फरक इतकाच की येथे पैसे वाटायचे नसून चुका वाटायच्या असतात. समजा, किरणाचा बिंदू कामाच्या जागी पाच मायक्रॉनपेक्षा अधिक सरकता कामा नये. मग सांगाड्याला किती सूट, तापमानाला किती, नियंत्रणाला किती, हे आधी कागदावर ठरवावे लागते. येथे गणिताची एक गंमत आहे. दोन त्रुटी एकमेकींशी असंबद्ध असतील तर त्यांची बेरीज सरळ होत नाही, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंप्रमाणे होते. तीन आणि चार मिळून सात न होता पाच होतात. त्यामुळे दोघांना थोडी अधिक सूट देता येते आणि दोघेही समाधानी राहतात. पण त्या दोन्ही त्रुटी जर एकाच कारणातून, समजा एकाच उष्णतेतून, निघत असतील तर त्या हातात हात घालून येतात आणि मग पाच नव्हे, सातच होतात. कागदावर चाललेले यंत्र प्रत्यक्षात न चालण्याचे हे एक नेहमीचे कारण. हे ओळखण्यासाठी नेत्याला प्रत्येकाच्या विषयातले सारे कळले पाहिजे असे नाही. पण दोन विषयांच्या सीमेवर काय चालले आहे ते त्याला कळलेच पाहिजे. माझ्या मते चांगला नेता आपला अर्धा वेळ या सीमांवरच घालवितो. शिवाय एकंदर सवलतीतला थोडा भाग तो कोणालाही न वाटता स्वतःपाशी राखून ठेवतो, आणि अगदी शेवटी, जेव्हा एखाद्याचे काम खरोखरच अडते, तेव्हाच तो बाहेर काढतो. आपल्या आज्या धान्याच्या डब्यात नोटा ठेवीत असत, त्यांना हे शास्त्र शिकवावे लागले नसते.

आता भारतातल्या, आणि आपल्या जवळच्या, एका मोठ्या उदाहरणाकडे वळतो.

डॉ. दिलीप देविदास भवाळकर यांचा जन्म १९४० चा, सागरचा. आज आपण छत्तीसगडचे असलो तरी २००० सालापर्यंत सागर आणि रायपूर एकाच राज्यात होते, आणि त्याहून जवळचे एक नाते आहे. डॉ. हरिसिंग गौर यांनी १९४६ मध्ये स्थापिलेल्या सागर विद्यापीठाच्या छत्राखाली, १९६४ मध्ये रविशंकर विद्यापीठ निघेपर्यंत, आपल्याकडची महाविद्यालये होती. ज्या घरांत आजोबांची पदवी चौकटीत लावून जपलेली असेल, तेथे सागरची मुद्रा पाहावयास मिळेल. त्याच विद्यापीठात भवाळकर शिकले. पुढे इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात लेसरवर संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आले. तेथे त्याच दशकात गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झालेला होता. भवाळकरांनी तेथे लेसरचे काम वाढविले; १९८४ मध्ये त्यांना अभियांत्रिकी शास्त्रांसाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुरस्कार भौतिकीचा नव्हे, अभियांत्रिकीचा, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. शिकलेले भौतिकी, परंतु घडविली यंत्रे.

त्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १९८४ रोजी, राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते इंदूरजवळ प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसविली गेली. डॉ. राजा रामण्णा त्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. लेसर आणि कणत्वरक या दोन विषयांसाठी मुंबईबाहेर स्वतंत्र केंद्र असावे, ही त्यामागची कल्पना. भवाळकर हे या केंद्राचे संस्थापक संचालक झाले आणि २००३ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. २००५ मध्ये या केंद्राला राजा रामण्णांचे नाव देण्यात आले. त्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर, आणि त्यांचाही जन्म मध्य प्रदेशातल्याच बडवानीचा. ‘बृहन्महाराष्ट्राने काय दिले?’ असे पुण्या-मुंबईत कोणी विचारलेच तर ही दोन नावे सांगावीत.

मोकळ्या माळावर असे केंद्र उभे करायचे म्हणजे काय करायचे, याचा विचार करून पाहा. लेसरला स्फटिक लागतो; तो वाढवावा लागतो. आरसे लागतात, ते घासून, झिलई देऊन, त्यांवर निर्वातात अतिपातळ लेप चढवावे लागतात. उच्चदाबाचे वीजपुरवठे लागतात. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर आपल्या अणुऊर्जा खात्याला अनेक वस्तू बाहेरून मिळणे दुष्कर झाले होते आणि १९९८ नंतर तर अधिकच. तेव्हा केवळ लेसर बनवून चालणारे नव्हते. लेसर बनविण्यासाठी जे जे लागते ते बनविणारी माणसेही बनविणे भाग होते. बाजारात ज्याला तयार आरसा मिळतो तो अभियंता आरशाविषयी फार थोडे शिकतो. ज्याला तो स्वतः करावा लागतो, त्याला वेळ चौपट लागतो, पण आरसा का बिघडतो हे त्याला कायमचे कळते. निर्बंधांचे कौतुक करावे असे मी म्हणणार नाही. त्यांनी अनेक कर्तबगार माणसांची उमेदीची वर्षे बाहेर सहज विकत मिळणाऱ्या वस्तू पुन्हा घडविण्यात गेली. तथापि ज्या गटांनी ती वर्षे नुसती सोसली नाहीत, लिहून ठेवली, त्यांच्याजवळ पुढे असे ज्ञान साठले की जे पैसे टाकूनही मिळत नाही.

या केंद्राने जे घडविले त्याची पूर्ण यादी मी वाचणार नाही. १९९९ मध्ये इंडस-१ हा देशातला पहिला सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोत येथे कार्यान्वित झाला. इलेक्ट्रॉनांना वर्तुळात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवले की वळणावर ते प्रखर प्रकाश सांडतात. तो प्रकाश संशोधनासाठी वापरायचा, हे याचे सूत्र. त्याची परिक्रमा १९ मीटरांहूनही किंचित कमी. नंतरच्या इंडस-२ ची परिक्रमा १७२ मीटरांहून अधिक आणि ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टची. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील महाकाय त्वरकासाठी इंदूरच्या मंडळींनी अतिसंवाहक सुधारक चुंबकांची आणि सुमारे सात हजार सूक्ष्म-स्थाननिश्चिती आधारांची जबाबदारी पार पाडली. पंधरा मीटर लांबीचे, तीस टनांहून जड चुंबक ज्यांच्या आधारे हव्या त्या जागी केसाच्या जाडीहूनही कमी फरकाने सरकवता यावेत, असे हे आधार. सात हजारांतला एक उत्तम करणे हे प्रयोगशाळेचे काम. सात हजारही एकसारखे उत्तम करणे हे कारखान्याचे काम, आणि ते भारतीय उद्योगांकडून करवून घेतले गेले.

मला स्वतःला मात्र त्या केंद्रातली लहान यंत्रे अधिक भावतात. हृदयाला ठोके पुरविणाऱ्या पेसमेकरचे टायटॅनियमचे कवच लेसरने सांधण्याचे तंत्र तेथे बसविले गेले. आतले विद्युतमंडल उष्णतेने बिघडू नये आणि सांधा मात्र इतका घट्ट व्हावा की वर्षानुवर्षे शरीरातला ओलावा आत शिरू नये, असा हा दुहेरी पेच. लेसरचा स्पंद क्षणभरच टिकतो आणि उष्णता टिकलीएवढ्या जागेतच राहते, म्हणून तो सुटला. दुसरे उदाहरण अणुभट्टीचे. भट्टीतील जुन्या शीतक-नलिका बदलताना त्यांचे सांधे कापावे लागतात. हातातले हत्यार घेऊन कामगार तेथे उभा राहिला तर त्याला किरणोत्साराची मात्रा मिळते. तंतूमधून लेसरचा किरण नेला तर माणूस दूर उभा राहून ते कापू शकतो. नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात हे तंत्र वापरले गेले. येथे गटाच्या नेत्याची खरी परीक्षा आहे. प्रयोगशाळेत तुकडा कापून दाखविणे हे काही आठवड्यांचे काम. पण अणुभट्टीजवळ, कोंदट जागेत, ज्याने हे यंत्र बनविले नाही अशा माणसाच्या हातून, ठरलेल्या दिवसांत, शेकडो वेळा तोच काप निर्दोष व्हावा, याला वर्षे लागतात. आणि ही वर्षे कोणत्याही शोधनिबंधात दिसत नाहीत.

येथे एक कटू गोष्ट बोललीच पाहिजे. आपल्या देशातील प्रयोगशाळांत असंख्य उत्तम नमुने तयार झाले आणि काचेच्या कपाटात गेले. नमुना झाला की समारंभ होतो, छायाचित्र निघते, आणि गट पुढच्या नमुन्याकडे वळतो. नमुना आणि माल यांच्यामधले अंतर कोणाच्याच वाट्याचे नसते. भवाळकरांनी निवृत्तीनंतर इंदुरातच लेसरची निर्मिती करणारा उद्योग काढला, ही घटना मला त्यांच्या पारितोषिकांहून बोलकी वाटते. ज्या पुलाची उणीव आयुष्यभर जाणवली, त्याचा एक खांब तरी स्वतः उभा करावा, असे त्यात मला दिसते. त्यांचे म्हणणे काय असेल ते मी सांगू शकत नाही. हा माझा अर्थ आहे.

नेतृत्वाचा दुसरा आणि जगात सर्वांत गाजलेला दाखला म्हणजे लायगो. आइन्स्टाइनने भाकीत केलेल्या गुरुत्वीय लहरी पकडण्यासाठी अमेरिकेत दोन ठिकाणी चार-चार किलोमीटर लांबीच्या काटकोनी भुजा उभारल्या आहेत. त्यांच्या निर्वात नळ्यांतून लेसरचा किरण जातो, टोकाच्या आरशावरून परततो, आणि दोन्ही भुजांच्या लांबीत किंचित फरक पडला तरी तो प्रकाशलहरींच्या मीलनातून कळतो. हा फरक केवढा? १४ सप्टेंबर २०१५ रोजी जी पहिली लहर सापडली, तिने चार किलोमीटरांच्या भुजेत पाडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. आरसे चाळीस किलो वजनाचे, काचेच्याच बारीक तंतूंनी टांगलेले, एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीत. ॲल्युमिनियमच्या पट्टीचा जो त्रागा मी मघाशी केला तो यापुढे पोरखेळ आहे.

परंतु मला सांगायची आहे ती या यंत्रामागच्या माणसांची गोष्ट. कल्पना राइनर वाइस यांनी १९७२ मध्ये सविस्तर मांडली. पुढे वाइस, रोनाल्ड ड्रेवर आणि किप थॉर्न या तिघांनी मिळून प्रकल्प हाकण्याचा प्रयत्न केला. तिघेही असामान्य, आणि म्हणूनच निर्णय होईनात. १९८७ मध्ये एकच संचालक नेमला, तरी घडी नीट बसली नाही. १९९४ मध्ये बॅरी बॅरिश आले. ते लेसरचे तज्ज्ञ नव्हते, कणभौतिकीतले होते. त्यांचा स्वतःचा मोठा प्रकल्प, टेक्सासमधल्या महात्वरकावरचा, १९९३ मध्ये अमेरिकन संसदेने मधेच बंद पाडला होता. त्या मोडलेल्या घरातले अनुभवी अभियंते त्यांनी बरोबर आणले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. यंत्र दोन टप्प्यांत बांधायचे ठरविले : आधी हाती असलेल्या तंत्राने, आणि त्याच इमारतीत, त्याच नळ्यांत, पुढे अधिक सूक्ष्म यंत्र बसेल अशा बेताने. दुसरे म्हणजे १९९७ मध्ये त्यांनी जगभरच्या शास्त्रज्ञांना सामील करून घेणारी सहकार्यसंस्था बांधली आणि तिचे दार उघडे ठेवले.

पहिला टप्पा २००२ ते २०१० असा चालला आणि त्याला एकही लहर सापडली नाही. एकही नाही! आपल्याकडच्या एखाद्या लेखापरीक्षकाने यावर काय शेरा मारला असता, याची कल्पना आपण करू शकता. पण पहिल्या टप्प्याचे खरे उद्दिष्ट यंत्र ठरलेल्या संवेदनशीलतेपर्यंत पोचविणे हे होते आणि ते साधले होते. जे साधायचे ते आणि जे सापडले तर भाग्य, या दोहोंत आधीच फरक करून ठेवणे, हे नेत्याचे फार मोठे कौशल्य आहे. नाही तर आठ वर्षे काही न सापडलेला गट मनाने मोडून जातो. २०१७ मध्ये वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना भौतिकीचे नोबेल मिळाले. शोधाच्या निबंधावर मात्र हजाराहून अधिक नावे आहेत. त्यांत भारतीयही आहेत. दिवंगत डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात उभारलेल्या आयुकात डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंगाटातून ही क्षीण खूण कशी वेचावी, याचे गणित पहिल्या लहरीच्या कितीतरी आधीपासून बसविले होते.

श्रेयाचा विषय निघालाच आहे म्हणून एक अनुभव सांगतो. ज्या एका प्रयोगशाळेत मी काही काळ होतो, तेथे दुपार कलली की किरण आपली जागा सोडी. रोज. उच्चविद्याविभूषित मंडळींनी तीन आठवडे इलेक्ट्रॉनिक्सची उलटतपासणी केली. शेवटी एका फिटरने, कोणी विचारले नसताना, सांगितले की त्या वेळी पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येते आणि यंत्राचा एक पाय त्या भिंतीलगतच्या फरशीत रोवला आहे. मधे जाड काळा पडदा टाकला, भिंतीला बाहेरून छपरी केली आणि किरण जागेवर बसला. अहवालात त्या फिटरचे नाव आले नाही. पुढच्या वेळी तो बोलेल का, हा प्रश्न त्या गटातल्या कोणालाही पडला नाही. मला तो अजून पडतो. प्रकाशयंत्राच्या गटात काच घासणारा, लेप चढविणारा, निर्वातातली गळती शोधणारा कारागीर हा साहाय्यक नसतो. तो मोजमापाचे एक इंद्रिय असतो. काचेवर हात फिरवीत झिलई देणारा माणूस कोठे थांबावे हे जे जाणतो, ते पुस्तकात पुरते उतरलेले नाही.

आपला मराठी मध्यमवर्ग येथे कमी पडतो असे मला स्पष्ट वाटते. मुलाने अभियंता व्हावे, पण हात काळे करू नयेत, अशी आपली इच्छा असते. आयटीआयमध्ये गेलेल्या मुलाची ओळख करून देताना आपला आवाज खाली येतो. जर्मनीत येना नावाचे गाव आहे. तेथे कार्ल झाइस नावाच्या एका कारागिराने १८४६ मध्ये उपकरणांची कर्मशाळा काढली, आणि पुढे अर्न्स्ट ॲबे हा भौतिकीचा प्राध्यापक तिच्यात सामील झाला. कारागिराच्या दुकानात प्राध्यापक आला, हा क्रम पाहा. ॲबेने भिंगांचे गणित बसविले आणि झाइसच्या माणसांनी ते काचेत उतरविले. जगातील उत्तम सूक्ष्मदर्शक तेथून निघाले. आपल्याकडे प्राध्यापकाने कारागिराला बोलावले तरी तो दाराशीच उभा राहतो.

हे सारे मी आज का सांगतो आहे, त्याला एक निकडीचे कारण आहे. लायगोचे तिसरे भावंड महाराष्ट्रात येत आहे. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथाच्या परिसरात, दुधाळा गावाजवळ. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्याला तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंत्रिमंडळाची पूर्ण मंजुरी मिळाली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा खात्याची बांधकाम-यंत्रणा, अशा चार संस्था मिळून हे काम करायचे आहे. म्हणजे ज्या इंदुरात भवाळकरांनी आरसे आणि निर्वात यांची विद्या रुजविली, तिचे हात आता मराठवाड्यात पोचतील. अमेरिकेत ज्या यंत्राला दोन दशके लागली त्याला येथेही काही वर्षे लागणारच, आणि यंत्र उभे राहिले म्हणजे ते लगेच ऐकू लागेल असेही नाही. एकेक गोंगाट शोधून, त्याचे मूळ काढून, तो शांत करण्याचे काम वर्षानुवर्षे चालते.

या कामाला माणसे लागतील. भौतिकीतले पंडित मिळतील, त्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती निर्वात नळीचा सांधा तपासणाऱ्याची, दोलनरोधक टांगणी बसविणाऱ्याची, रात्री तीन वाजता नियंत्रणकक्षात बसून आलेख वाचणाऱ्याची. ही माणसे हिंगोलीत येऊन, बिऱ्हाड थाटून, दहा-पंधरा वर्षे टिकली पाहिजेत. गट टिकविण्याचे सर्वांत अवघड प्रश्न प्रकाशिकीतले नसतात. मुलांची शाळा, पत्नीची किंवा पतीची नोकरी, वृद्ध आईवडिलांसाठी जवळपास चांगले रुग्णालय, हे असतात. जो नेता यांना क्षुल्लक समजतो त्याचे उत्तम अभियंते तिसऱ्या वर्षी राजीनामा देतात, आणि त्यांच्याबरोबर सीमेवरचे ते न लिहिलेले ज्ञानही निघून जाते. परमुलखात बिऱ्हाड टिकायला काय लागते, हे या सभागृहातल्या मंडळींना कोणा व्यवस्थापनतज्ज्ञाने सांगायला नको. पन्नास वर्षे आपण गणपतीची वर्गणी, मुलांचे संस्कारवर्ग, अडल्या-नडल्याला रक्त आणि पैसा, यांतून तेच तर करीत आला आहात. हिंगोलीला बंगालमधून, केरळातून, आणि कदाचित आपल्या छत्तीसगडातूनही कुटुंबे येतील, आणि त्या वेळी तेथे परके तेच असतील. तेथल्या मराठी माणसाला शेजारी कसे व्हावे हे कोणाला विचारायचे असेल तर त्याने रायपुरास यावे.

आपल्यापैकी ज्या मुलामुलींना या कामाविषयी अधिक विचारायचे असेल त्यांनी खाली थांबावे. आरशाचा एक तुकडा, लेप चढविलेला आणि न चढविलेला, असे दोन नमुने मी बरोबर आणले आहेत. ते हातात घेऊन पाहता येतील, मात्र कडेने धरावेत.